मंडपाची निगा हीही श्रींची पूजाच

॥ श्री ॥



गाभाऱ्यात आपण क्षणभर असतो, सभामंडपात मात्र घटकाभर. दर्शनाची रांग, नामस्मरण, प्रसाद, उन्हातून चालून आल्यावर खांबाला टेकलेली पाठ, कडेवरच्या लेकराची झोप, हे सारे मंडपातच घडते. तरीही गाभाऱ्यातील पूजा त्रिकाळ होते आणि मंडपाची आठवण छत गळू लागल्यावर येते. श्रींचा महिमा, नित्योपचारांच्या वेळा आणि यात्रेची माहिती या पुस्तिकेत अन्यत्र दिली आहे. येथे मंडपाविषयी, आणि त्याला लागून असलेल्या पत्र्याच्या सभागृहाविषयी, काही निवेदन करावयाचे आहे. हे सभागृह गावाचे आहे. गावाची लग्ने, सप्ताहाच्या पंगती, नेत्रतपासणीची शिबिरे, बालकांचे लसीकरण, परीक्षेच्या दिवसांत मुलांचा अभ्यास, सर्व काही त्याच छपराखाली होते.

आपल्या धर्मशास्त्राने पुण्यकर्माचे इष्ट आणि पूर्त असे दोन भाग केले आहेत. यज्ञयागादी कर्मे ती इष्ट. विहिरी, तळी, देवालये, उपवने, अन्नदान ही पूर्त. इष्टाचे फळ करणाऱ्याला मिळते. पूर्ताची सावली वाटेने जाणाऱ्या कोणालाही मिळते. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात प्रतिष्ठा आणि उत्सर्ग या विधींचे सविस्तर विवेचन केले आहे. उत्सर्ग म्हणजे सोडणे. तळे बांधून पूर्ण झाले की बांधणारा ते विधिपूर्वक सर्व प्राणिमात्रांसाठी सोडून देतो. त्या क्षणी त्याची मालकी संपते. उद्या तोही ओंजळ भरून पाणी प्याला, तर इतरांसारखाच एक तहानलेला म्हणून.

केवढा उदात्त विचार आहे हा! परंतु त्यातच एक अडचण दडलेली आहे. मालकाने हात सोडला, आता तळ्यातला गाळ कोणी काढायचा? जे सर्वांचे, त्याची काळजी कोणाची? गावोगावच्या समाजमंदिरांकडे पाहिले म्हणजे हा प्रश्न पुस्तकातला नाही हे कळते. उद्घाटनाचा दगड चकचकीत, आणि आत कबुतरे. दाराला कुलूप, किल्ली कोणाकडे ते कोणास ठाऊक नाही. बांधण्यासाठी निधी मिळाला, झाडण्यासाठी मिळाला नाही.

देवस्थानाच्या बाबतीत कायद्याने या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर दिले आहे. देवमूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने मालमत्ता धारण करू शकणारी व्यक्ती आहे, हे 1925 साली प्रिव्ही कौन्सिलने मान्य केले होते. पुढे 1967 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने देवमूर्तीची स्थिती अज्ञान बालकासारखी मानली. विश्वाचा पालनकर्ता, आणि कायद्याच्या लेखी अज्ञान! प्रथम ऐकताना हसू येते, पण यातील भाव यशोदेचा आहे. बाळाची मिळकत असते. ती राखायची जबाबदारी मोठ्यांवर असते. विश्वस्त हे मालक नव्हेत, ते पालक होत. म्हणूनच महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, म्हणजे मूळचा 1950 चा मुंबई अधिनियम, दरवर्षी हिशेबाची तपासणी सक्तीची करतो, आणि देवस्थानाची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून विकू देत नाही. काही भाविकांना हा कागदांचा व्याप वाटतो. आमच्या मते बाळाच्या पैशाला हात लावताना चार जणांना दाखवून लावावा, एवढाच त्याचा अर्थ आहे.

आता तुकोबारायांकडे वळू. दुष्काळ पडला, घरातील माणसे गेली, व्यापार बुडाला. या सर्व आघातांचे वर्णन महाराजांनी आपल्या आत्मपर अभंगात स्वतः केले आहे. त्यातला क्रम पाहण्यासारखा आहे. संसाराच्या वाताहतीनंतर पहिली गोष्ट मनात आली ती भंगलेले देऊळ नीट करण्याची. आणि एकादशीच्या कीर्तनाचा उल्लेख त्याच्या नंतर येतो. देहूचे ते देऊळ त्यांच्याच पूर्वजांनी, विश्वंभरबाबांनी, उभारलेले. नवे देऊळ बांधावे असे तुकोबांना वाटले नाही. पडके उभे करावेसे वाटले. माती कालवून, भिंत सावरून, स्वतः कष्ट करून त्यांनी ते केले, असे परंपरा सांगते. ज्या वाणीने पुढे महाराष्ट्राला जागविले, ती वाणी फुटण्यापूर्वी ते हात चिखलात होते. कीर्तनाला श्रोते हवेत, आणि श्रोत्यांना डोक्यावर छप्पर हवे, हे महाराजांना वेगळे शिकवावे लागले नाही.

आपल्या मंडपाकडे येऊ. अलीकडे काही सधन भाविकांनी कळकळीने सुचविले की, हा जुना लाकडी मंडप उतरवून त्या जागी संगमरवरी फरशीचे भव्य सिमेंटचे सभागृह बांधावे, खर्च आम्ही करू. त्यांच्या भावनेबद्दल संस्थान ऋणी आहे. तथापि विश्वस्त मंडळाने दुरुस्तीचाच मार्ग पत्करला आहे, आणि त्याची कारणे देणगीदारांना कळणे योग्य ठरेल. मंडपाचे सागवानी खांब वरून आजही ठणठणीत आहेत. कुजले आहेत ते फक्त पायथ्याशी, तळखड्यावर टेकतात तेथे वीतभर. जाणकार सुतार तेवढाच भाग कापून नव्या सागाचा सांधा देतो आणि खांब पुन्हा पिढ्यान् पिढ्या उभा राहतो. पायाला काटा रुतला म्हणून कोणी पाय तोडत नाही.

पायथा का कुजला, हे ऐकून भाविकांस नवल वाटेल. तो भक्तीने कुजला. दर सणाला बादल्या बादल्या पाणी ओतून मंडप धुण्याची आपली रीत. ते पाणी तळखड्याच्या खोबणीत साचते, लाकूड ओल धरते आणि ओलीमागून वाळवी येते. आता मंडप ओल्या फडक्याने पुसला जातो. सेवेकरी भगिनींनी ही सूचना मनावर घेतली आहे. याच कारणाने खांबांना तेल-कुंकू लावू नये, कापूर खांबालगत लावू नये, तोरणासाठी खिळे ठोकू नयेत. खिळ्याच्या प्रत्येक भोकातून पावसाळी हवा आत शिरते. तोरणांसाठी तुळयांना कड्या बसविल्या आहेत, त्यांचा उपयोग करावा. नारळ शहाबादी फरशीवर फोडू नये, त्यासाठी पायरीपाशी दगड ठेवला आहे. फरशी तडकली की खालची माती बसते, आणि अंधारात एखादी आजी ठेचाळते.

सभागृहाची कथा निराळी. तेथे शत्रू वरून येतो. पत्रा ज्या हुकांनी कैच्यांना बांधलेला असतो, त्या प्रत्येक हुकाखाली एक वॉशर असतो. उन्हाने तो कडक होतो, तडकतो, आणि पहिल्याच वळिवात तेवढ्या छिद्रातून धार लागते. पत्रा जुना झाला म्हणून आपण पत्रा बदलतो. पुष्कळदा बदलायचा असतो तो दोन-चार रुपयांचा वॉशर. पन्हळीत पिंपळाची पाने साचली की पाणी मागे फिरून भिंतीत मुरते. पिंपळ पूज्य खरा, पण त्याचे रोप भिंतीच्या फटीत उगवले की ते विधिपूर्वक काढून अन्यत्र लावावे लागते. श्रद्धेपोटी ते तसेच वाढू दिले तर दहा वर्षांत भिंत त्याची होते.

भांड्यांचा हिशेब ही स्वतंत्र तपश्चर्या आहे. पूर्वी तांब्या-पितळेची मोठी पातेली होती. त्यांना वेळेवर कल्हई लागते आणि कल्हई करणारा आता क्वचित फिरकतो. म्हणून स्वयंपाकासाठी स्टीलची भांडी घेतली. लग्नघरी देताना पातेली, झारे, परडी, ताटे-वाट्या मोजून द्यायच्या आणि मोजूनच परत घ्यायच्या. वाट्या कमी भरतात, पण चमचे का अधिक भरतात, याचा उलगडा मात्र कार्यालयास अद्याप झालेला नाही. सतरंज्या वैशाखात उन्हात टाकून, झटकून, घडीत कडुनिंबाचा पाला घालून ठेवल्या जातात.

या साऱ्या कामांना संत-परंपरेत एक मोठा आधार आहे. श्रीसंत गाडगेबाबा (1876–1956) गावात शिरले की आधी खराटा हाती घेत, दिवसभर गाव झाडीत आणि मग रात्री कीर्तनास उभे राहत. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या आणि त्या विश्वस्तांच्या हाती सोपविल्या. हा खराखुरा उत्सर्ग होय. पण गाळाच्या प्रश्नाचेही उत्तर त्यांच्याजवळ होते, ते त्यांच्या हातातच होते. बांधणारा आणि झाडणारा एकच. म्हणून त्यांच्या धर्मशाळांना झाडण्याचा संस्कार पायाभरणीतच मिळाला.

पंढरपुरातील त्यांच्या एका धर्मशाळेस चोखामेळ्यांचे नाव आहे. चोखोबांचा अंत मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता ते कोसळून झाला, अशी परंपरा आहे. गावाचे कुसू ज्यांनी आपल्या हातांनी बांधले, त्यांना आत ओसरीही मिळत नव्हती. पंढरीचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण करावे लागले. ही गोष्ट जुनी झाली असे वाटते, पण सभागृहाचे दार प्रत्येक लग्नसराईत तोच प्रश्न विचारते. म्हणून संस्थानने नियम ठेवला आहे की, सभागृह ज्याने आधी नोंदविले त्याचे. आकार सर्वांना एकच. जात, आळी, पक्ष किंवा देणगीची रक्कम पाहून तारीख बदलली जात नाही. एका बड्या घरच्या कार्यासाठी शेतमजुराच्या मुलीची तारीख पुढे ढकलावी, अशी विनंती एकदा आली होती. ती नम्रपणे नाकारण्यात आली. मजुराच्या मुलीचे लग्न त्याच मुहूर्तावर, त्याच छपराखाली लागले. बड्या घरचे मन काही काळ दुखावले. पुढे तेही निवळले.

आकार वाढवावा, असा आग्रह लेखापरीक्षणाच्या वेळी दरवर्षी होतो आणि तो अगदीच गैर नाही. वीज महागली, सुताराची मजुरी वाढली. पण आकार वाढविला तर ज्याच्यासाठी सभागृह आहे तोच बाहेर राहतो, आणि न वाढविला तर छप्पर गळते. या दोहोंच्या मध्ये देखभाल निधी उभा आहे. त्यातील मुद्दल बँकेत कायम राहते, केवळ व्याज दुरुस्तीस खर्च होते. देणगीदारांनी या निधीचा विचार करावा, ही या निवेदनातील मुख्य प्रार्थना आहे. पंखा दान देणारे पुष्कळ भाविक भेटतात आणि पात्यांवर मातापित्यांचे नाव घालतात. ती भावना पवित्रच आहे. परंतु पंखा फिरू लागला की नाव दिसेनासे होते, आणि फिरण्याचे वीजबिल कोणाच्याच नावे नसते. देखभाल निधीतील देणगीस भिंतीवर पाटी लागत नाही. पावती मिळते, आणि वर्षअखेरीच्या हिशेबात ती दिसते. तो हिशेब कोणत्याही भाविकास कार्यालयात बसून वाचता येतो.

सभागृह वापरले जावे, याविषयी आम्ही इतके आग्रही का, हे 2020 साली स्पष्ट झाले. करोनाच्या साथीमुळे त्या मार्चपासून राज्यातील मंदिरे बंद राहिली. दिवाळीच्या पाडव्यास, 16 नोव्हेंबरला, ती उघडली, पुन्हा बंद झाली आणि 7 ऑक्टोबर 2021 च्या घटस्थापनेला परत उघडली. गर्दी नाही म्हणजे झीज नाही, असे अनेकांना वाटले. प्रत्यक्षात त्या बंद महिन्यांत घुशींनी फरशीखाली बिळे केली, कोंदट हवेने सतरंज्यांना बुरशी धरली आणि वाळवीला कोणी अडविणारेच राहिले नाही. माणसांच्या पायांनी वास्तू झिजते त्याहून लवकर ती निर्जनतेने खचते. आणि वास्तू सुस्थितीत असली की ती अवेळीही कामास येते. 2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीकडे महापूर आला तेव्हा शाळा, मंगल कार्यालये आणि मंदिरांच्या आवारांनी हजारो माणसांना कोरडी जागा दिली. आपल्या सभागृहातही आषाढात पंढरीस निघालेल्या एका छोट्या दिंडीचा मुक्काम असतो. भिजून आलेल्या वारकऱ्याला छताखाली कोरडी सतरंजी मिळते की नाही, यावर आमची वर्षभराची परीक्षा ठरते.

सभागृहात मद्यपान वर्ज्य आहे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. तो 2000 सालच्या केंद्रीय नियमांचाही दंडक आहे आणि श्रींच्या शेजारतीचाही. कार्य आटोपल्यावर जागा झाडून द्यावी. खराटे दाराआडच ठेवलेले आहेत.

मृग नक्षत्र साधारणतः 7-8 जूनला लागते. त्याआधीच्या शनिवारी सकाळी सातपासून पन्हळी साफ करणे, वॉशर बदलणे आणि भांडारातील सतरंज्या मोजून ठेवणे ही कामे सेवेकरी मिळून करतात. गावाबाहेरील भाविकांचेही स्वागत आहे. शिडी, हातमोजे आणि खराटे संस्थान देईल. वर चढण्याचे काम माहितगार मंडळीच करतात, खाली करण्यासारखेही पुष्कळ असते. दुपारी पिठले-भाकरीचा प्रसाद आहे. येणाऱ्यांनी आदल्या दिवशी दुपारपर्यंत कार्यालयात कळवावे, म्हणजे पिठाचा अंदाज येतो.

श्रींच्या सेवेत,
कार्यवाह, संस्थान कार्यालय