काल जमलं, आज का नाही?

‘लक्ष दिलं तर सगळं येतं हो त्याला!’ पालकसभेत हे वाक्य हमखास ऐकू येतं आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. काल सातचा पाढा घडाघडा म्हणणारं मूल आज सात चोकला अडतं. लगेच निकाल लागतो: कामचुकार आहे. कधीच येत नसतं, तर कदाचित दयेला तरी पात्र ठरलं असतं.

अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांची संगणकावर जी प्रतिसाद-चाचणी घेतात, तिच्याबद्दल मला आस्था आहे ती यामुळेच. चाचणी दिसायला अगदी कंटाळवाणी. पडद्यावर ठिपका उमटला की बटण दाबायचं आणि पुढच्या ठिपक्याची वाट पाहत बसायचं. दुसऱ्या एका प्रकारात अक्षरं येत राहतात, पण ‘ए’नंतर ‘एक्स’ आला तरच बटण दाबायचं. ही कल्पना 1956 सालची, रॉसवोल्ड आणि सहकाऱ्यांची. मेंदूला इजा झालेल्यांचं लक्ष किती टिकतं हे त्यांना पाहायचं होतं. प्रतिसादाच्या वेळेवरून मनाचा व्यापार मोजण्याची खटपट तर त्याहून जुनी. उट्रेख्तचे नेत्रतज्ज्ञ डोंडर्स यांनी ती 1868 मध्येच मांडली होती.

अहवालात आपली नजर आधी सरासरीवर जाते. तिथेच फसगत होते. समजा, एका मुलाचे ओळीने सहा प्रतिसाद असे आले: 380, 410, 365, 395, 1240, 390 मिलिसेकंद. सरासरी 530. दुसऱ्याचे 520, 545, 530, 515, 540, 530. सरासरी तीच, 530! दुसरं मूल संथ आहे, पण एका लयीत चाललंय. पहिलं चांगलं चपळ आहे, मध्येच एकदा कुठेतरी हरवलं. 530च्या आसपास तर ते एकदाही फिरकलेलं नाही. अध्ययन अक्षमतेच्या जोडीला पुष्कळदा लक्ष टिकवण्याची अडचण असते आणि अशा मुलांच्या आकड्यांत हे हेलकावे वारंवार दिसतात. म्हणजे ‘काल जमलं, आज नाही’ हा आळसाचा पुरावा नव्हे. नेमकी अडचणच ती आहे.

कधी 100 मिलिसेकंदांच्याही आत बटण दाबलेलं आढळतं. ठिपका डोळ्यांनी टिपून बोट हलायला एवढा वेळ पुरतच नाही, म्हणून तो अंदाजपंचे प्रतिसाद हिशेबातून वगळतात. मला तोही बोलका वाटतो. मुलाला वाट पाहणं किती जड जातंय ते त्यातून कळतं.

यंत्राचं फार कौतुकही नको. साधा पडदा सेकंदाला 60 वेळा ताजा होतो, म्हणजे सुमारे 17 मिलिसेकंदांचा घोळ त्याचा स्वतःचाच, कीबोर्डचा वेगळा. शेवटच्या आकड्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. आणि अशा एकट्या चाचणीवरून अध्ययन अक्षमतेचं निदान होत नाही. मूल वाचतं कसं, लिहितं कसं, गणित कसं सोडवतं हे तपासावंच लागतं. बंगळूरच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेची चाचणीमाला त्यासाठीच आहे.

2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला, हे फार चांगलं झालं. केंद्राच्या 2018च्या सूचनांनी पात्र परीक्षार्थींना तीन तासांच्या पेपरला किमान एक तास जादा देऊ केला. संथ पण एका लयीत लिहिणाऱ्याला ही सवलत अगदी चपखल बसते. पण अर्ध्या तासाने ज्याचं लक्ष विस्कटू लागतं, त्याला आणखी तासभर त्याच बाकावर बसवून काय साधणार? त्याच्यासाठी दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं उठून पाणी पिऊन येण्याची मुभा मागावी, आणि मागताना अहवालातल्या सरासरीऐवजी एकेक प्रतिसादाचा तक्ता शाळेपुढे ठेवावा.