गुरं कुठं बांधायची?

30 जुलै 2014च्या सकाळी आंबेगाव तालुक्यात फेरीवर निघालेल्या एसटीच्या चालकाला रोजच्या जागी गाव दिसेना. माळीण होतं तिथं चिखलाचा ढीग होता. त्यानं ते कळवलं तेव्हा बाहेरच्या जगाला बातमी लागली. 151 माणसं गेली. आख्खं गाव गाडलं जातं आणि ते कळायला एसटीची फेरी यावी लागते, ही टोचणी इतक्या वर्षांनीही माझ्या मनातून गेलेली नाही.

माळीण पहिली नव्हती आणि शेवटचीही नाही. 2005च्या जुलैत महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथं डोंगर खाली आला. 22 जुलै 2021ला त्याच तालुक्यातल्या तळीयेत 80हून अधिक माणसं दगावली. 19 जुलै 2023च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गेली. 27 मृतदेह हाती लागले, 57 माणसं बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबला. वाडीवर जायला फक्त पायवाट, त्यामुळे यंत्रं वर नेताच आली नाहीत. घमेली-फावड्यांनी चिखल उपसावा लागला.

या सगळ्या तारखा जुलैच्या उत्तरार्धातल्या आहेत. सह्याद्री बेसाल्टचा, कातळावर मुरूम आणि मातीचा थर. जूनपासूनचं पाणी त्या थरात मुरत राहतं, खालचा कातळ ते सहजी पुढं जाऊ देत नाही. मातीच्या कणांमध्ये साठलेल्या पाण्याचा दाब वाढत जातो आणि कणांची एकमेकांवरची पकड ढिली होते. अशा तुडुंब भिजलेल्या उतारावर एखाद्या दिवशी पावसाचा कहर झाला, की थर सुटतो. म्हणजे धोका एका दिवसाच्या पावसात नसतो. आधीच्या महिनाभराच्या पावसावर तो दिवस येऊन पडतो.

इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारनं विधिमंडळात सांगितलं. तेव्हापासून याद्या वाढवा, नकाशे करा, ही मागणी जोरात आहे. ती रास्तच आहे. पण समजा, वाडी यादीत असती. त्या रात्री कुणी कुणाला उठवलं असतं? काळोखात, धो धो पावसात, निसरड्या पायवाटेनं लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन खाली उतरणं हाही जिवाशी खेळच. निघायचं तर दुपारी निघायला हवं, डोंगर जागच्या जागी उभा असताना. आपल्या सगळ्या व्यवस्थेत या दुपारची तयारी मला कुठं दिसत नाही.

22 ते 23 जुलै 2021च्या 24 तासांत महाबळेश्वरला सुमारे 594 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पण महाबळेश्वरचा पाऊस म्हणजे तळीयेचा पाऊस नव्हे. घाटात एक खिंड ओलांडली की पाऊस बदलतो. म्हणून प्रत्येक वाडीत साधं पर्जन्यमापक हवं आणि ते वाचणारं माणूस वाडीतलंच हवं. दोन आकडे लिहायचे: आजचा पाऊस आणि गेल्या पंधरा दिवसांचा. किती झाला म्हणजे निघायचं, हे भूवैज्ञानिकांनी त्या त्या उताराची माती पाहून ठरवून द्यावं. बाकीच्या खुणा वाडीला कळतात. जमिनीला भेग पडते, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होतं किंवा आटतं, सरळ उभं झाड कलतं, कालपर्यंत लागणारं दार चौकटीत अडकतं. हे पाहणाऱ्या बाईचं म्हणणं तहसील कचेरीपर्यंत त्याच दिवशी पोचलं पाहिजे.

माळीणनंतर यंत्रानं केलेल्या जमीन-सपाटीकरणावर बोट ठेवलं गेलं. त्या भागात भातखाचरं बांधायची पडकईची जुनी रीत आहे. लोक एकमेकांच्या श्रमानं दगडी बांध घालून हळूहळू खाचर घडवत. मला तिचं कौतुक आहे, पण उताराशी हयातभर जपून वागलेली वाडीही अतिवृष्टीत जाऊ शकते, हे मान्य करावंच लागतं.

तेव्हा प्रश्न पुन्हा घर सोडण्यावर येतो. लोक ऐकत नाहीत, असं अधिकारी म्हणतात. का ऐकत नाहीत? जुलै म्हणजे आवणीचे दिवस. रोप उपटून ठेवलेलं असतं, खाचरात पाणी भरलेलं असतं. घरात वर्षाचं धान्य, गोठ्यात बैलजोडी, एखादी म्हैस, शेरडं. खालच्या शाळेत माणसांची सोय होते. गुरं कुठं बांधायची, हे कुणी सांगत नाही. मग त्यांच्यापाशी घरातलं एक माणूस मागं राहतं, बहुधा म्हातारा. शाळेत बायकांना पुरेशी शौचालयं नसतात, तान्ह्या मुलाचे कपडे वाळवायला जागा नसते. दुसऱ्या दिवशी सगळे परत वर जातात.

स्वित्झर्लंडमधल्या ब्लाटन गावाला 19 मे 2025ला घरं सोडायला सांगितलं. सुमारे 300 माणसं निघाली, गुरंही हलवली. नऊ दिवसांनी, 28 मेला, वरची हिमनदी कोसळली आणि बहुतेक गाव गाडलं गेलं. एका माणसाचा जीव गेला. बाकी सगळे वाचले. तिथं आधी सरकणारे कडे आणि बर्फ मोजता आलं. आपला उतार घटकाभरात येतो, त्यामुळे त्यांची यंत्रं तशीच आणून इथं भागणार नाही. पण माणसांबरोबर गुरंही हलवायला हिमनदी लागत नाही. पत्र्याची शेड, वैरण, दिवा, पाणी एवढं पुरे.

कायमचं पुनर्वसन हाही उपाय आहेच, मात्र तो घाईनं उरकता येत नाही. माळीणच्या लोकांना 2017मध्ये नवी घरं मिळाली आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथले रस्ते खचले, भराव वाहून गेला. एकदा डोंगर अंगावर आलेल्या माणसांनी नव्या अंगणातली भेग कोणत्या मनानं पाहिली असेल! आणि घाटातल्या सगळ्या वाड्या काही येत्या पाच-दहा वर्षांत खाली येणार नाहीत. तोवर दर पावसाळ्यात काही दुपारी निघावं लागणार आहे.

त्यातल्या बऱ्याच दुपारी फुकट जातील. वाडी खाली येईल, पाऊस ओसरेल, डोंगर जसाच्या तसा राहील. आवणीचा दिवस बुडाला म्हणून लोक पोलीस पाटलावर चिडतील आणि पुढच्या वेळी तो हाक मारायला कचरेल. मला सगळ्यात जास्त भीती त्या कचरण्याची वाटते. म्हणून बुडालेल्या दिवसाची मजुरी आणि वैरणीचा खर्च सरकारनं कुरकुर न करता द्यायला हवा, डोंगर आला नाही तरीही. तिसऱ्यांदा हाक आली तेव्हाही म्हातारा दावं सोडून गुरं घेऊन निघेल, इतका तो खर्च नेमानं त्याच्या हातात पडायला हवा.