सातवी आज्ञा आणि जळके ऑइल

मोटारीचे ऑइल बदलणे हे तसे किरकोळ काम. इंजिन थोडे गरम करावे, खाली घमेले सरकवावे, चेंबरचा नट सैल करून जुने ऑइल निथळू द्यावे, फिल्टर बदलावा, नवे ऑइल भरून पातळी पाहावी. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर ह्या पट्ट्यात कारखान्यांच्या भोंग्यांवर वाढलेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. रविवारची मिस्सा आटोपल्यावर अंगणात असे काम करणारे गृहस्थ आपण सर्वांनी पाहिले आहेत. काम संपते, इंजिनाचा आवाज सुधारतो, मन प्रसन्न होते. घमेल्यात मात्र तीन-चार लिटर काळेकुट्ट तेल उरते. खरा प्रश्न तेथून सुरू होतो. आणि तो यंत्रशास्त्राचा नसून नीतीचा आहे, असे मला वाटते.

वर्षानुवर्षे आपण त्याचे उत्तर न बोलता दिले आहे. घरामागचे गटार जवळ असते, संध्याकाळ झालेली असते, कोणी पाहत नसते. मीही एकेकाळी हेच केले आहे. त्या वेळी मनाला टोचणी लागली नाही, ही आज अधिक खंत वाटणारी गोष्ट आहे.

ते तेल जाते कोठे? काकोळे परिसरातील डोंगरात उगम पावणारी वालधुनी इ. स. १०६० च्या शिलालेखाने प्रसिद्ध असलेल्या अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वाहत येते, उल्हासनगर आणि विठ्ठलवाडी ओलांडते आणि कल्याणजवळ उल्हास नदीच्या खाडीला मिळते. आपली गटारे तिच्यात उतरतात. बदलापूरचे पाणी तर थेट उल्हास नदीकडे धावते. आणि त्याच नदीतून खालच्या अंगाला मोहने व शहाड येथे लक्षावधी माणसांसाठी पिण्याचे पाणी उचलले जाते. इंजिनात फिरलेल्या तेलात काजळी, झिजलेल्या धातूंचे कण आणि जळणातून आलेली विषारी द्रव्ये मिसळलेली असतात. ते पाण्यात विरघळत नाही. पातळ तवंग होऊन पसरते आणि पाण्याचा श्वास कोंडते. एका गाडीतून एका वेळी निघणारे ऑइल दहा लाख गॅलन गोडे पाणी दूषित करू शकते, असे अमेरिकेचे पर्यावरण खाते सांगते.

ह्यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो पोकळ नाही. ‘वालधुनी केव्हाच मेली आहे. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस टँकरने आणलेले रसायन रात्री तिच्यात ओतले गेले आणि उल्हासनगरात काठावरच्या शेकडो माणसांचा जीव घुसमटला. तेथे माझ्या चार लिटरांची काय मातब्बरी?’ वजनाच्या दृष्टीने हे खरे आहे. टँकर आणि घमेले ह्यांना एकाच तराजूत घालणे अन्यायाचे होईल. परंतु त्या रात्री टँकरचा कॉक उघडणाऱ्याच्या मनातही नेमका हाच विचार नव्हता कशावरून? ‘नदी मेलेलीच आहे, कोणी पाहत नाही, माझ्या एका खेपेने काय होणार?’ दोघांच्या कृतीचे परिमाण निराळे, युक्तिवाद एकच. दुसऱ्याचे पाप मोठे आहे म्हणून आपले लहान पाप पुण्य ठरत नाही. शिवाय नदी मेली आहे असे म्हणणारे बहुधा तिच्या काठी राहत नसतात. जे राहतात त्यांच्या घरात २६ जुलै २००५ रोजी तिचे पाणी शिरले होते, आणि त्या पाण्यात आपण सर्वांनी सोडलेले सर्व काही होते.

ख्रिस्तसभेने हा विषय कोठे ठेवला आहे, हे पाहण्यासारखे आहे. परमगुरुस्वामी पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९९० च्या जागतिक शांतिदिनाच्या संदेशात पर्यावरणाचे संकट हे नैतिक संकट असल्याचे निक्षून सांगितले, आणि २०१५ साली पोप फ्रान्सिस ह्यांनी ‘लाउदातो सी’ हे संपूर्ण परिपत्रक त्यालाच वाहिले. परंतु १९९२ च्या कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथातील मांडणी मला अधिक अंतर्मुख करते. सृष्टीचा आदर करण्याचे कर्तव्य तेथे सातव्या आज्ञेखाली येते: चोरी करू नकोस. म्हणजे गटारात तेल ओतणे ही केवळ अस्वच्छता नव्हे, ती चोरी आहे. खालच्या अंगाच्या माणसाचे पाणी, खाडीतल्या कोळ्याची मासळी आपण न विचारता नेतो.

चोरीच्या पापाला एक विशेष अट आहे. नुसता पश्चात्ताप पुरत नाही. घेतलेले परत करावे लागते. जक्कयाने चौपट परत करण्याची तयारी दाखवली. पण जक्कयाला आपण कोणाला फसवले हे ठाऊक होते. मी ज्याचे पाणी चोरले त्याचे नाव मला माहीत नाही, आणि सांडलेले तेल नदीतून वेचूनही घेता येत नाही. ज्या चोरीची भरपाई अशक्य, ती न करणे हाच एक मार्ग उरतो.

मग तेल भंगारवाल्याला दिले की आपण मोकळे झालो का? येथे दुसरी अडचण आहे. जळक्या ऑइलला गिऱ्हाईक असते. कोणी ते सेंटरिंगच्या फळ्यांना फासतो, कोणी भट्टीत जाळतो आणि धातूंचा धूर शेजाऱ्यांच्या फुप्फुसांत सोडतो, कोणी गाळून नव्या डब्यात भरतो. पिलातानेही हात धुतले होते. जबाबदारी मात्र धुतली गेली नाही. तथापि, वस्तूच्या अखेरच्या ठिकाणापर्यंत तिचा पाठलाग करणे सामान्य कुटुंबाला शक्य नाही, आणि देव अशक्य ते मागत नाही. तो मागतो ते इतकेच: जे विचारता येते ते विचारावे. ज्या गॅरेजमध्ये तेल द्यायचे त्याला ‘पुढे हे कोण नेतो?’ असा एक प्रश्न करावा. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार असे तेल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवे. १ एप्रिल २०२४ पासून तर ऑइल उत्पादकांवरही ते परत मिळवून त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी आली आहे. कारण तेल झिजत नाही, केवळ मळते. शुद्ध केले की पुन्हा उपयोगी पडते. आपण ते घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे, त्यात पाणी, पेट्रोल, थिनर मिसळू नये, फिल्टर रात्रभर निथळून तोही द्यावा, आणि सरळ उत्तर देणारे गॅरेज शोधावे. धर्मग्रामातील दहा कुटुंबांनी एकच प्रश्न विचारला, तर उत्तर बदलण्याची शक्यताही वाढते.

पवित्र सप्ताहात महागुरुस्वामी नवी तेले आशीर्वादित करतात. तेव्हा गतवर्षीचे उरलेले तेल मोरीत टाकले जात नाही. ते आदराने जाळतात. काही चर्चमध्ये ते पवित्र साक्रामेंतापुढच्या दिव्यात घालतात. इंजिनाचे तेल पवित्र नाही, आणि ते जाळायचेही नाही. परंतु उपयोग संपलेल्या वस्तूशी कसे वागावे, ह्याचा धडा आपण दरवर्षी वेदीजवळ पाहत असतो. ती शिस्त चर्चच्या दारातून घरामागच्या गटारापर्यंत पोहोचते की नाही, हे मात्र रविवारी दुपारी, कोणी पाहत नसताना, घमेले हाती घेतल्यावरच कळते.