चालेल

मिलवॉकीला असताना एक अख्खा रविवार मी शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये बॅटरी धरून उभा होतो. त्याच्या हार्ले-डेव्हिडसन क्रूझरचा तेलाचा फोर्क काढून तो खास बनवून घेतलेला स्प्रिंगर बसवत होता. स्प्रिंगरचे मागचे दोन पाय पक्के, पुढचे दोन उघड्या स्प्रिंगांवर वरखाली होणारे. तळाशी त्यांना जोडणारे रॉकर आणि त्या रॉकरमध्ये चाकाचा आस. 1949 मध्ये हायड्रा-ग्लाइड आली आणि कंपनीच्या मोठ्या गाड्यांवरून हा फोर्क गेला. 1988 मध्ये, स्थापनेच्या 85व्या वर्षी, स्प्रिंगर सॉफ्टेलवर तो परत आला. खड्ड्यात स्प्रिंग दबताना डोळ्यांना दिसते. माणसं त्याच्यावर जीव टाकतात ती यासाठी.

दुपारपर्यंत सगळं बसलं. फोर्कचा स्टेम फ्रेमच्या नेकमध्ये, म्हणजे तो ज्यात फिरतो त्या नळीत, नीट उतरला. ब्रेकचा कॅलिपर चाकाबरोबर फिरू नये म्हणून त्याची दांडीही पक्क्या पायाला जोडून झाली. गाडी इतकी देखणी दिसत होती की मी मनात गाडी बाहेर काढूनही मोकळा झालो.

मग त्याने ओळंबा काढला. गावी आमच्या घराच्या भिंती चढताना गवंड्याच्या हातात पाहिलेला, तसाच. त्याने मला गाडीवर बसवलं, कारण वजनाने स्प्रिंगा दबल्याशिवाय माप खरं येत नाही. नेकच्या तिरक्या रेषेत दोरी धरून जमिनीवर खडूची एक खूण, आसापासून ओळंबा सोडून दुसरी. दुसरी खूण पहिलीच्या मागे पडते. या दोन खुणांमधलं अंतर म्हणजे ट्रेल. चाक सरळ वाटेवर राहतं ते याच अंतराच्या जोरावर. क्रूझरवर ते साधारण 4 ते 6 इंच असतं. इथे साडेसहा भरलं. नवे पाय जुन्यापेक्षा लांब होते, त्यामुळे पुढचा भाग उचलला गेला होता आणि नेक मागे कलली होती.

अर्ध्या इंचाचा तर प्रश्न. माझ्या ओठांवर आपला नेहमीचा शब्द आला होता: चालेल. आणि हायवेवर ती गाडी खरोखरच छान चालली असती. पण सिग्नलपाशी, हळू वळताना, हँडल जड होऊन एका अंगाला पडू लागलं असतं.

त्याने काही न बोलता पाना उचलला आणि दिवसभराचं काम उतरवायला घेतलं. तेव्हा मला त्याच्याविषयी जे वाटलं त्याला आदर हाच शब्द आहे. आयुष्यात मी किती ठिकाणी चालेल म्हणून पुढे गेलो, ते त्या खडूच्या खुणांकडे बघताना आठवत राहिलं.

महिन्याभराने आखूड पाय आले. ट्रेल पाच इंचांवर आला. गाडी जॅकवर, पुढचं चाक अधांतरी. त्याने हँडलला बोटाने हलकेच ढकललं. ते थोडं गेलं आणि मध्येच अडकलं. कोनसेट, म्हणजे नेकमधल्या बेअरिंगचा जोड, जरा जास्त आवळला गेला होता. त्याने नट केसभर सैल केला आणि पुन्हा बोट लावलं. या वेळी हँडल आपल्या वजनाने, सावकाश, डावीकडे टेकेपर्यंत गेलं.

मग त्याने ते मध्यावर आणलं आणि उजवीकडे ढकलून पाहिलं.