कसबाचा धनी कोण?

अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी बाहेरून विणकर आणवून महेश्वरास वसविले. ते कसब नर्मदाकाठी पिढ्यानपिढ्या टिकले. परंतु त्याचा धनी कोण, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. जेथे सूत, नमुना व बाजार ही तिन्ही व्यापाऱ्याच्या हाती, तेथे विणकराच्या वाट्यास केवळ नगावर ठरलेली मजुरी येते.

भौगोलिक मानांकनाचा १९९९ चा कायदा २००३ साली अमलात आला. त्याने महेश्वरी साडीच्या नावास संरक्षण लाभले. परंतु त्याच कायद्याच्या व्याख्येत मालाचा व्यापार करणाराही ‘उत्पादक’ गणला जातो.

कोणी म्हणेल, विद्या एकट्याच्या मालकीची नसते. ती वाडवडिलांकडून येते. हे खरेच. परंतु जी विणकराचीही एकट्याची नव्हे, ती पैसा गुंतविणाऱ्याची कशी होईल? भांडवलास व्याज व जोखमीस नफा अवश्य मिळावा. मात्र त्याआधी कसबाचा वाटा बाजूस काढावा. विणकरांनीही सहकाराने सूत घ्यावे आणि भाव स्वतः ठरवावा. वाचकहो, रास्त मजुरी हे औदार्य नव्हे, ते देणे आहे. दुकानात घासाघीस करताना आपणही हे ध्यानी ठेवावे.