करून घेतलेली हिंसा

एप्टेशिया हा दिसायला देखणा प्राणी आहे. तपकिरी, जवळजवळ पारदर्शक देठ आणि वर बारीक शुंडकांचा झुबका. पण घरात समुद्राच्या पाण्याची टाकी ठेवणारे त्याच्यामुळे हैराण असतात. खडकाला चिकटून तो न बोलावता येतो, शेजारच्या कोरलला डंख करतो आणि बघता बघता खडक व्यापून टाकतो. मुलगा युनिव्हर्सिटीत गेला आणि ह्यूस्टनच्या आमच्या घरातली त्याची टाकी माझ्याकडे आली: दोन क्लाउनफिश, एक हॅमर कोरल, थोडे झोअँथिड आणि एप्टेशियाची मोठी वसाहत. फोनवर तो म्हणाला, "आई, पेपरमिंट श्रिंप आण. त्या एप्टेशिया खाऊन टाकतील, तुला हातसुद्धा लावावा लागणार नाही."

हात लावावा लागला नाही की हिंसा हलकी होते का?

मी सांगली जिल्ह्यातल्या दिगंबर जैन घरातली. आजी विहिरीचे पाणी फडक्यातून गाळायची आणि फडक्यावर राहिलेले जीव त्याच विहिरीत परत सोडायची. इथे तो मार्ग बंद आहे. टाकीतला प्राणी गॅल्व्हेस्टनच्या समुद्रात सोडणे म्हणजे तिथल्या जिवांवर संकट आणणे. हिंद-प्रशांत महासागरातला लायनफिश 1985 मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ सापडला. हौशी लोकांच्या टाक्यांतूनच तो समुद्रात गेला असे मानतात. आज तो मेक्सिकोच्या आखातातही आहे आणि तिथल्या खडकांवरचे लहान मासे फस्त करतो. दयेने सोडलेला जीवही असे करू शकतो.

एप्टेशियाच्या शुंडकाशी कोळंबीचा कण नेला की तो धरून तोंडाकडे वळवतो. नुसता खडा असेल तर सोडून देतो. स्पर्श आणि रस ही दोन इंद्रिये मला त्यात स्पष्ट दिसतात, म्हणून मी त्याला शंख आणि जळूच्या पंक्तीत, द्वींद्रिय त्रस, म्हणजे दोन इंद्रियांच्या हालचाल करणाऱ्या जीवांत धरते. कोरलही तिथेच बसते. दोघे जवळचे नातलग आहेत, दोघांच्या शरीरात एकाच कुळातले शेवाळ राहते. या नात्यामुळेच प्रयोगशाळांत कोरलच्या अभ्यासासाठी एप्टेशिया वाढवतात, 2015 मध्ये त्याचा जनुकसंचही प्रसिद्ध झाला. मग एक ठेवायचा आणि दुसरा मारायचा, हे कशावरून ठरले? एकाला आम्ही पैसे देऊन आणले, दुसरा फुकट आला. इंद्रिये सारखीच. फरक माझ्या राग-द्वेषात आहे, आणि आमच्या आचार्यांनी हिंसेचे मूळ तिथेच दाखवले आहे.

तरी कोणी म्हणेल, कोरलला वाचवण्यासाठी मारणे हे रक्षण आहे. आचार्य अमृतचंद्रांनी 'पुरुषार्थसिद्ध्युपाय'मध्ये हा युक्तिवाद नेमका हाताळला आहे: एका हिंस्र जीवाला मारल्याने अनेक वाचतात असे समजूनही त्याला मारू नये. पहिल्यांदा वाचताना हे मला कठोर वाटले होते. टाकीसमोर बसल्यावर त्यामागची सावधगिरी कळली. 'अनेकांचे भले' हे कारण माणसाला फार लवकर सापडते.

सुरीने खरवडणे तर व्यर्थच. पायाचा कण जरी खडकावर राहिला तरी त्यातून नवा एप्टेशिया उभा राहतो. अब्राहम ट्रेंब्लेने 1740 च्या दशकात हॉलंडमध्ये गोड्या पाण्यातल्या हायड्राचे तुकडे केले, प्रत्येकातून पूर्ण प्राणी वाढला, आणि आत्मा कापता येतो का हा प्रश्न युरोपातल्या विद्वानांना पडला. आमच्याकडे जीव अखंड आहे. तुकडा हे दुसऱ्या जीवाच्या सम्मूर्छन, म्हणजे गर्भाशिवाय होणाऱ्या जन्माचे ठिकाण बनते असे मी समजते.

आता श्रिंप. कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे केलेली, करवलेली आणि संमती दिलेली, तिन्ही हिंसाच, हे आम्ही पाठशाळेत शिकलो. श्रिंप आपल्या भुकेने खाते. तिला त्यासाठीच विकत आणून टाकीत सोडणारी मी. बर्गिया नावाच्या इवल्या समुद्री गोगलगायीची गोष्ट तर याहून अवघड. ती एप्टेशियाशिवाय काही खात नाही. शेवटचा एप्टेशिया संपला आणि तिला दुसऱ्या टाकीत जागा मिळाली नाही, तर ती उपाशी मरते. या उपायाला लोक 'नैसर्गिक' म्हणतात. मला त्यात एकाऐवजी दोन जीवांचा हिशेब दिसतो, आणि दोन्ही माझ्याच खात्यावर.

शिवाय श्रिंप कुठे थांबायचे ते ठरवत नाही. माझा हात ठरवू शकतो, आणि अणुव्रत, म्हणजे गृहस्थाचे व्रत, ही मर्यादाच. म्हणून मी हॅमर कोरल दुसऱ्या खडकावर उंच हलवले. मासे लगेच संपवतील एवढेच खाद्य घालते, कारण उरलेल्या अन्नावर एप्टेशियाची वस्ती वाढते. एवढे करूनही जो कोरलला प्रत्यक्ष भिडतो, त्याच्यावर पंप बंद करून सिरिंजने चुन्याची घट्ट पेस्ट सोडते. तो आक्रसतो आणि विरघळू लागतो. ते मी शेवटपर्यंत पाहते. त्याला रक्षण म्हणत नाही, संध्याकाळच्या आलोचनेत, दोष कबूल करताना, ती संकल्पी म्हणजे ठरवून केलेली हिंसा म्हणूनच आठवते. बाकीचे एप्टेशिया टाकीत आहेत, वाढतही आहेत. टाकी सुंदर दिसत नाही हे खरे, पण टाकीच्या सौंदर्यासाठी मी कुणाला मारणार नाही आणि कुणाकडून मारून घेणारही नाही.

मुलाशी यावर माझे अजून पटलेले नाही. तो म्हणतो, समुद्रातही हेच चालते. समुद्रात ते मी मांडलेले नसते. ही काच, हा खडक, हा दिवा, सगळे आम्ही मांडले आहे.

ज्यांच्या घरी अशी टाकी आहे त्यांना माझी विनंती: नवे कोरल घेण्यापूर्वी त्याच्या बुडाचा दगड भिंगाने तपासा, एप्टेशिया दिसला तर ते कोरल घेऊच नका, आणि घेतलेले कोरल आधी काही आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवा.