आजचं चिंतन : गीता, अध्याय १०, श्लोक १०

भगवंत म्हणतात, जो प्रेमाने भजतो त्याला मी अशी बुद्धी देतो की तो माझ्यापर्यंत पोहोचतो.

परवा बाबांना घेऊन पिंपळगाव राजाहून बाईकवर शेगावला निघालो. वाट चुकलो. हातात धरायचा जीपीएस बॅगेत तळाशी होता (हौसेने घेतलेला!). बाहेर काढून मोकळ्या आभाळाखाली धरला, तेव्हा कुठे जागा दाखवली. वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या किमान चार उपग्रहांचे संकेत त्याला लागतात. तो स्वतः त्यांना काहीच पाठवत नाही, नुसता ऐकतो.

आणि मी? देवापुढे बसलो की माझीच यादी. नोकरी, फ्लॅट, प्रमोशन.

बाबा मागून केव्हाचे सांगत होते, "अरे, वळण मागे राहिलं." मी ऐकलंच नव्हतं.

गाडी बंद केली. म्हटलं, "बाबा, सांगा आता."